पाणी एकतीस फूट, मथळा पंचावन्न फूट

जुलैतली एक सकाळ. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका सलूनमध्ये खुर्चीत एक गृहस्थ मान मागे टाकून बसलेले, अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल गुळगुळीत. बाहेर पावसाची बारीक रिपरिप. भिंतीवरच्या टीव्हीवर लाल पट्टी सरकत होती: 'पंचगंगेचं रौद्ररूप, नदी धोक्याच्या दिशेने'. पट्टीच्या वर छपरापर्यंत बुडालेली घरं, बोटीतून निघालेली माणसं, खाली ढोल बडवल्यासारखं संगीत. वस्तरा थांबला. "कुठवर आलंय पाणी?" बाकावर बसलेल्या एकानं मोबाइलवर पाहून सांगितलं, "राजाराम बंधाऱ्याला एकतीस फूट. रात्रीपास्नं दोन इंच वाढलंय." "मग हे काय दाखवाय लागल्यात?" "त्ये एकोणीस सालचं हाय." वस्तरा पुन्हा चालू झाला. तेवढ्यात साबणवाल्या गृहस्थांचा फोन वाजला. पुण्याहून मुलगी विचारत होती, "बाबा, पाणी दारात आलं का?" दारात सायकल आणि दुधाची पिशवी सोडून काही आलेलं नव्हतं.

त्या पट्टीत खोटं काहीच नव्हतं, हीच खरी अडचण. नदी चढत होती. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. एकतीसवरून चढणारी नदी त्रेचाळीसच्या दिशेनेच जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? तसं पाहिलं तर मे महिन्यात एक वळीव पडला तरी ती धोक्याच्या दिशेने निघालेलीच असते. दृश्यंही खरी होती, फक्त २०१९ ची होती, जेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. कोपऱ्यात 'संग्रहित' असं बारीक अक्षरात लिहिलेलंही असेल. म्हणजे प्रत्येक तुकडा खरा, आणि सगळे जोडून पुण्यातल्या मुलीच्या मनात उभं राहिलेलं चित्र मात्र साफ खोटं. आता हे आठवी-नववीच्या मुलांना शिकवायचं कसं? 'माध्यम साक्षरता' असं फळ्यावर लिहिलं की मागचे तीन बाक झोपी जातात. खेळ करून शिकवता येतं. पण तो खेळ रचायला बसलं की पहिल्याच वळणावर बहुतेकांची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

चुकीचा रस्ता म्हणजे खरं-खोटं ओळखा. पत्त्यावर एक बातमी, मुलांनी सांगायचं खरी की खोटी, बरोबर आलं की गुण. ही प्रश्नमंजूषा झाली, खेळ नव्हे. आणि विषयही सुटला. खोटी बातमी आणि भडक बातमी या दोन वेगळ्या जाती आहेत. खोटी बातमी तपासता येते, पकडता येते, तिचा खुलासा छापता येतो. भडक बातमीत तपासायला काही सापडत नाही, कारण तिच्यात गडबड माहितीची नसते, वजनाची असते. एकतीस फुटांना पंचावन्न फुटांचं वजन दिलेलं असतं. म्हणून खेळाचा काटा खरं-खोटं या पट्टीवर नको, 'जेवढं आहे तेवढंच सांगितलं का' या पट्टीवर हवा. हे एकदा ठरलं की निम्मी रचना आपोआप होते.

परदेशात या धर्तीचे खेळ झाले आहेत. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी एका डच गटाबरोबर २०१८ मध्ये 'बॅड न्यूज' नावाचा ऑनलाइन खेळ काढला. त्यात खेळाडूच अफवा पसरवणारा होतो आणि भावना भडकावणं, तोतयेगिरी, फूट पाडणं अशा सहा युक्त्यांची पदकं मिळवतो. त्यामागचा विचार लसीचा आहे: विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात मांडलेला, की फसवणुकीचा सौम्य डोस आधीच दिला तर मन पुढच्या मोठ्या डोसाला तयार राहतं. कल्पना सुरेख आहे. पण २०२३ मध्ये एका गटानं अशा खेळांच्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले आणि निष्कर्ष काढला की खेळून झाल्यावर माणसाची खऱ्या-खोट्यात फरक करण्याची क्षमता फारशी वाढत नाही, तो सरसकट सगळ्याच बातम्यांकडे जास्त संशयानं बघू लागतो. आपल्याकडे हे परवडणारं नाही. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसानं 'टीव्हीवाले नेहमीच ओरडतात' म्हणून खऱ्या पुराच्या रात्री घरात बसून राहावं, असा खेळ आपल्या हातून तयार झाला तर तो न केलेला बरा.

खेळ एका गटात पाच मुलांचा. सामान असं: ३६ घटनापत्ते, ५४ शब्दपत्ते, १८ परिणामपत्ते, चिंचोक्यांची एक पुरचुंडी, शर्टाची पंचवीस बटणं, पाच अपारदर्शक डब्या आणि कागदाच्या चिठ्ठ्या. चिंचोके म्हणजे खप. बटणं म्हणजे विश्वास. प्रत्येक डबीत पाच. प्रत्येक मूल एकेका वर्तमानपत्राच्या डेस्कवरचा उपसंपादक. पेपरचं नाव ज्याचं त्यानं ठेवायचं, यात मुलं भलताच वेळ काढतात, पण तो काढू द्यावा, नाव ठेवलं की पेपर आपला वाटतो. पाच डाव, आणि प्रत्येक डावात एक जण डेस्क सोडून 'वाचक' होतो. वाचकाची पाळी प्रत्येकावर एकदा येतेच.

डाव असा चालतो. दोन घटनापत्ते उघडायचे, डेस्कवाल्यांनी हात वर करून त्यातला एक निवडायचा, दुसरा 'न छापलेलं' या गठ्ठ्यात जातो. वाचकानं तोवर पाठ फिरवून बसायचं. निवडलेल्या पत्त्यावरून प्रत्येकानं दोन मिनिटांत जास्तीत जास्त सात शब्दांचा मथळा चिठ्ठीवर लिहायचा. हातातले शब्दपत्ते वापरायची सक्ती नाही. वापरायचे तर दोनपर्यंत, आणि वापरलेला पत्ता आपल्यापुढे उताणा ठेवायचा, तो खेळ संपेपर्यंत तिथेच राहतो. वाचक चारही मथळे ऐकतो आणि त्याच्याकडचे सहा चिंचोके वाटतो: जो मथळा आधी वाचावासा वाटला त्याला जास्त. मग मूळ घटनापत्ता मोठ्यानं वाचला जातो. आता वाचकानं प्रत्येक मथळ्याला एकच प्रश्न विचारायचा, 'ऐकून मला जे वाटलं होतं, ते निघालं का?' नाही असं उत्तर आलं तर त्या डेस्कच्या डबीतून एक बटण काढायचं, आणि ते टेबलाखाली, कुणाला न दाखवता. डब्या शेवटपर्यंत सगळ्यांसमोर उघडायच्या नाहीत. पाच डाव झाले की चिंचोके गुणिले बटणं.

गुणाकार का, बेरीज का नाही, हा प्रश्न गणिताचे शिक्षक हमखास विचारतात. बेरजेत मुलं लगेच सौदा करतात: दोन बटणं गेली तरी चालतील, पाच चिंचोके मिळतात ना. विश्वास म्हणजे खपासारखंच आणखी एक नाणं होऊन बसतं. गुणाकारात तेरा चिंचोके आणि एक बटण म्हणजे तेराच. सात चिंचोके आणि चार बटणं म्हणजे अठ्ठावीस. आणि डबी रिकामी निघाली तर शून्य, मग समोर चिंचोक्यांचा ढीग असला तरी. हे आकडे फळ्यावर मांडावे लागत नाहीत, डब्या उघडल्या की वर्गात जो कालवा होतो त्यात सगळं कळतं.

घटनापत्ता लिहिणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. पत्त्यावर पाच ओळी: काय झालं, कुठे, किती, कोण म्हणालं, आणि पाचवी ओळ नेहमी 'अजून माहीत नाही' अशी सुरू होणारी. ही पाचवी ओळ गाळली तर खेळ लुळा पडतो, कारण भडक मथळ्याचं घर त्याच ओळीत असतं. एक पत्ता असा: शाळेच्या फाटकाशी बेवारस पिशवी. मुख्याध्यापकांनी पोलिसांना कळवलं. पथक आलं, तासभर फाटक बंद. पिशवीत जेवणाचा डबा निघाला. अजून माहीत नाही: पिशवी कुणाची. यावर मुलं पहिल्या डावात काय लिहितात ते ठरलेलं असतं, 'शाळेत बॉम्ब?' आणि पुढे टपोरं प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह म्हणजे उपसंपादकाचा अटकपूर्व जामीन. आपण काही म्हटलंच नाही, आपण फक्त विचारलं. त्यामुळे शब्दपत्त्यांत एक पत्ता नुसत्या प्रश्नचिन्हाचा ठेवावा. तो सगळ्यात आधी संपतो.

बाकी शब्दपत्ते तयार करायला डोकं लढवावं लागत नाही, आठवडाभराची रद्दी आणि एक कात्री पुरते. हादरलं, थरार, धक्कादायक, तांडव, रौद्ररूप, हाहाकार, पर्दाफाश, काळजात धस्स, पायाखालची वाळू सरकली, चर्चेला उधाण, नेमकं काय घडलं, सूत्रांची माहिती. आणि अर्थातच 'एकच खळबळ', जी आजवर कधी दोन झाल्याचं ऐकिवात नाही. मोबाइलवरच्या बातम्यांनी यात एका बारक्या पत्त्याची भर घातली आहे: 'या'. 'या गावात', 'या अभिनेत्यानं', 'या कारणामुळे'. नाव दडवायचं आणि बोट दाखवायचं. मुलांना हा पत्ता सुरुवातीला निरुपद्रवी वाटतो आणि त्यावर चिंचोके सगळ्यात जास्त पडतात. चोपन्नपैकी सहा पत्ते चित्रांचे करावेत: छपरापर्यंत पाणी, बोट, वाहून चाललेलं वासरू. पुढच्या बाजूला तारीख नाही, मागे वर्ष. चित्र वापरणाऱ्यानं पत्ता उलटायचा की नाही हे त्याच्यावर सोडावं. फार थोडे उलटतात. ही चित्रं रेखाटनं असावीत, छायाचित्रं नकोत. त्या पुरातल्या कुणाचं तरी घर आपण खेळायला घ्यायचं, हे बरं नाही.

शब्दपत्त्यांना गुण लावायचे नाहीत, इथेही हात शिवशिवतो. 'तांडव'ला तीन, 'वाढ'ला एक, असं कोष्टक केलं की मुलं कोष्टक खेळतात. चिंचोके समोरच्या खऱ्या वाचकाच्या मर्जीनंच पडले पाहिजेत. मग एक गंमत आपोआप घडते: तिसऱ्या डावापासून 'धक्कादायक'चा कुणाला धक्का बसेनासा होतो. पहिल्या डावात ज्यावर चार चिंचोके पडले त्याच शब्दावर आता एकही नाही, मग कुणी 'महाधक्कादायक' लिहितो. हे दुरुस्त करायला जाऊ नये. छापील पानावर आणि पडद्यावर नेमकं हेच होत आलं आहे, खेळाला ते कुणी शिकवलेलं नसताना तो ते करून दाखवतो.

उपसंपादकाला खलनायक करणं हा दुसरा मोह. डेस्कवर बसणारा माणूस बहुधा दमलेला असतो, रात्री साडेदहाला जिल्हा आवृत्तीचं पान सोडायचं असतं, वार्ताहराची बातमी अर्धवट आलेली असते. ओढ कुठून येते हे समजलं पाहिजे. अपवर्दी या अमेरिकी संकेतस्थळानं आपल्या एकेका मजकुराला अनेक मथळे लावून कशावर जास्त टिचक्या पडतात ते पाहिलं होतं. अशा सुमारे १ लाख ५ हजार मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की उघडून वाचणाऱ्यांचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. म्हणजे जिथे शंभर जण उघडायचे तिथे एकशे दोन-तीन. एवढ्याशा फरकासाठी कुणी दुष्ट व्हायची गरज नसते, रोज थोडं कलायचं, बस्स. म्हणूनच चिंचोके सहाच ठेवले आहेत. दहा-वीस ठेवले की फरक ठळक दिसतो आणि मुलं सावध होतात. सहात एकदोन चिंचोक्यांसाठीच शब्द चढत जातात.

आता जिथे असे बहुतेक खेळ मार खातात ती जागा. भडकपणाला लगेच दंड लावला की दुसऱ्याच डावात सगळी मुलं शहाणी होतात आणि 'बैठक खेळीमेळीत संपन्न' छापाचे मथळे लिहू लागतात. शिक्षक खूश, खेळ मेलेला. वर मुलं एक चुकीचा धडा घेऊन घरी जातात, की सपक तेच सचोटीचं. मुद्दा उलट आहे. पंचगंगा ४१ फुटांवर, पाऊस चालू, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले, आणि मथळा 'पाणीपातळीत वाढ' असेल तर तोही वजनात मारलेला आहे, फक्त दुसऱ्या बाजूनं. त्या रात्री मोठ्या अक्षरात 'आताच घर सोडा' असं लिहिणं हेच मोजून दिलेलं माप. म्हणून ३६ पैकी किमान बारा घटना खरोखरच ओरडून सांगण्यासारख्या हव्यात आणि त्या गठ्ठ्यात विखुरलेल्या हव्यात. मुलांना प्रत्येक वेळी ठरवावं लागलं पाहिजे.

परिणामपत्ते दुसऱ्या आणि चौथ्या डावानंतर दोन-दोन उघडायचे. मधला उशीर मुद्दाम आहे. मथळा आज छापला जातो, त्याचं बिल पंधरा दिवसांनी येतं, तेही भलत्याच पत्त्यावर. अठरापैकी नऊ पत्ते भडकपणाचे: 'ज्यांच्यापुढे तांडव, हाहाकार, रौद्ररूप यांपैकी पत्ता उताणा आहे त्यांचं एक बटण कमी, नातेवाइकांनी घाबरून रात्रीतून गाड्या काढल्या आणि शिरोलीला अडकले.' पाच पत्ते सपकपणाचे: 'इशारा पातळीच्या वरच्या बातमीला ज्यांनी एकही जोरकस शब्द वापरला नाही त्यांचं एक बटण कमी, गाव झोपून राहिलं.' त्यातल्याच एकाचं नाव 'लांडगा आला रे'. तो मात्र उताणे पत्ते सगळ्यात जास्त असलेल्या डेस्कला लागतो, कारण त्यांचं खरं ओरडणंही आता कुणी ऐकत नाही. आणि उरलेले चार पत्ते कोरे, त्यांवर फक्त 'काहीच झालं नाही'. हे चार काढून टाकावेत असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. काढू नयेत. भडक छापून अंगाशी न येणं हे नेहमीचं आहे, आणि खेळात दर वेळी पाप फळाला आलं की मुलांना लगेच मूल्यशिक्षणाच्या तासाचा वास येतो.

राधानगरीचा पत्ता जवळून बघण्यासारखा आहे. धरण भरलं. सात स्वयंचलित दरवाजांपैकी दोन उघडले, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. राजाराम बंधाऱ्याला पाणी २९ फूट. कोल्हापुरात पाऊस थांबलेला. अजून माहीत नाही: घाटात रात्री किती पडेल. हे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी अधिकारी कळ दाबत नाही. पण 'दरवाजे उघडले' या दोन शब्दांतच एक हात दिसतो, एक निर्णय दिसतो, आणि त्यामागून धावत येणारं पाणी दिसतं. 'राधानगरीचे दरवाजे उघडले, कोल्हापूरकरांच्या काळजात धस्स', हा सहा शब्दांत बसतो आणि जुलैत एकदा तरी कुठेतरी छापून येतोच. याच्या तोडीचा, पण मापात असलेला मथळा सात शब्दांत बसवायचा म्हणजे कस लागतो. 'दोन दरवाजे उघडले. पंचगंगा इशाऱ्याखाली दहा फूट' हा बसतो. त्यात भीती नाही, तरी आकड्यामुळे माणूस थांबतो. मुलांना आकडा हा मथळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित खेळाडू आहे हे इथे कळतं, आणि कळलं की ती पुढे प्रत्येक मथळ्यात आकडा कोंबू लागतात, तेही काही बरं नव्हे. शेजारच्या गटाला गव्याचा पत्ता येतो: उसाच्या फडात गवा दिसला, वनविभाग आला, कुणाला इजा नाही. मथळ्यात गावाच्या नावासोबत रस्त्याचंही नाव घातलं की परिणामपत्ता येतो, बघ्यांची गर्दी. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा माणसांच्या पाठलागात कसा मेला हे वर्गात कुणाला तरी आठवतंच. पत्ता ते सांगत नाही. सांगू नयेच.

आवाजाचा प्रश्न वेगळाच. मुलांना स्वतःचा मथळा स्वतः वाचू दिला की ती निवेदकाचा आवाज काढतात, टेबल बडवतात, आणि वाचक आवाजावर भाळून चिंचोके टाकतो, किंवा मित्र म्हणून टाकतो. उपाय साधा आहे: चिठ्ठ्या गोळा करून वाचकाच्या उजवीकडच्यानं त्या रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सपाट वाचायच्या. पण शेवटचा डाव मुद्दाम निवेदकाच्या आवाजात घ्यावा, ढोलासकट. तेव्हा 'बैठक खेळीमेळीत संपन्न' यालाही चिंचोके पडतात. लाल पट्टी, घुसणारा कॅमेरा, संगीत ही सगळी न लिहिलेली विशेषणं आहेत, हे त्या हशातच लक्षात येतं.

गठ्ठ्यात एक जुना पत्ता ठेवावा, कारण कोल्हापूरला या विषयाचं स्वतःचं प्रकरण आहे. १८८१-८२ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'नं कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलं: तरुण चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ चालू आहे, कट आहे. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी खटला भरला, पत्रं बनावट ठरली, संपादकांनी माफी मागितली, तरी टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी सुटले. इथवर पत्ता सोपा आहे: मूळ पत्रं तपासली नाहीत, बटण गेलं. पण पत्त्याच्या मागे आणखी दोन ओळी आहेत. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, नजरकैदेत, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वय वीस. आता बटण काढायचं की ठेवायचं? पुरावा खोटा होता, पण ज्याच्यासाठी ओरडले तो तरुण खरंच हाल सोसत होता. मुलं इथे भांडतात, आणि बरीचशी 'ते बरोबरच होते' या बाजूला जातात. मला स्वतःला बटण काढावं असं वाटतं, आणि काढताना वाईटही वाटतं. नियमावलीत या पत्त्यापुढे फक्त 'वाचक ठरवेल' एवढंच लिहावं.

काय ठेवायचं नाही हेही ठरवावं लागतं. आत्महत्येची एकही घटना नको. त्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर सूचना केल्या आहेत, आणि 'भडक मथळा लिहा' असं सांगून त्यावर मुलांना सोडणं म्हणजे त्या सूचनांच्या नेमकं उलट. २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेनं पाच माणसं मारली गेली, ते शिक्षकांच्या टिपणात असावं, पत्त्यावर नाही. २६/११ च्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात जे ताशेरे ओढले त्यावर कॉलेजच्या मुलांसाठी चांगला पत्ता होतो, आठवीला तो पेलत नाही. जातीधर्माच्या तणावाची घटना मात्र कुठल्याच वयाला नको. वर्गात ती पत्त्यावर राहत नाही, बाकावर येते.

छपाईचं थोडक्यात. ६३ बाय ८८ मिलिमीटरचे अठरा पत्ते १२ बाय १८ इंचाच्या एका शीटवर कापायला जागा सोडून बसतात, म्हणून सगळे आकडे अठराच्या पटीत आहेत. सहा शीटमध्ये पूर्ण संच. ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड घ्यावा, लॅमिनेशन मॅट करावं, चकचकीत केलं तर ट्यूबलाइटखाली मागच्या बाकावरून अक्षर दिसत नाही. मागच्या बाजूला चौकट छापू नये: डिजिटल छपाईत पाठपोट एखादा मिलिमीटर सरकतंच, चौकट तिरकी दिसते आणि मुलं तेवढ्यावरून पत्ता ओळखतात. त्याच कारणानं चित्रपत्त्यामागचं वर्ष बारीक आणि फिक्या रंगात हवं. जोडाक्षरं नऊ पॉइंटच्या खाली गेली की गिचमिड होतात, त्यामुळे पाच ओळी म्हणजे पाचच.

पस्तीस मिनिटांच्या तासात हे मावत नाही, जोडतास मागून घ्यावा. एका डावाला पाच मिनिटं, पाच डावांची पंचवीस, मांडामांडी आणि परिणामपत्ते धरून चाळीस, आणि उरलेली पंचवीस-तीस मिनिटं बोलण्याची. ही बोलण्याची मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात आणि नेमकी तीच कापायची नसतात. सुरुवात 'काय शिकलात' असं विचारून करू नये, लगेच पाठ केलेली उत्तरं येतात. 'कुठला मथळा लिहिताना सगळ्यात मजा आली?' असं विचारावं. मुलं खरं सांगतात: 'शाळेत बॉम्ब?' लिहिताना. मजा आली हे कबूल झालं की पुढचं बोलता येतं.

मग 'न छापलेलं'चा गठ्ठा टेबलावर पसरायचा. कुठल्याही गटात तो बघा, साधारण तेच पत्ते सापडतात: जिल्हा परिषदेच्या शाळेचं गळकं छप्पर, अंगणवाडीत वजनकाटा नाही, नदीत मिसळणारं सांडपाणी, नळाच्या पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल. यांना कुणी वाईट म्हटलेलं नसतं, फक्त शेजारी गवा किंवा पिशवी आली की हात तिकडे वर जातात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, आणि मग पाण्याची बातमी पहिल्या पानावर गेली. साथीच्या आधीचा पाण्याचा अहवाल हा कुणाच्याही खेळात हरणारा पत्ता आहे. त्याच्यात थरार नाही, चेहरा नाही, आज सकाळी घडलेलं काही नाही. भडकपणाचा सगळ्यात मोठा तोटा मला इथे दिसतो. घाबरलेले नातेवाईक दोन फोन करून शांत होतात, पण न छापलेलं परत कुणी उघडत नाही.

शेवटचं काम याच गठ्ठ्यातून द्यायचं. प्रत्येक डेस्कनं एक पत्ता उचलायचा आणि सात शब्दांत असा मथळा लिहायचा की वाचक थांबेल आणि पत्ता वाचल्यावर बटणही जाणार नाही. शब्दपत्ते बंद. पहिले प्रयत्न प्रवचनी येतात, 'पाणी हेच जीवन, तपासा प्रत्येक क्षण' वगैरे. त्यांना हसू द्यावं आणि पुन्हा लिहायला लावावं. मग कुणीतरी पत्त्यावरच्या आकड्यांकडे परत जातं आणि 'दहापैकी चार नळांचं पाणी पिण्यालायक नाही' असं काही लिहून जातं, आणि वाचक सहाही चिंचोके तिकडे सरकवतो. हे सगळं डब्या उघडायच्या आणि चिंचोके मोजायच्या आधी उरकून घ्यावं. एकदा कोण जिंकलं ते कळलं की वर्ग हातचा जातो, मग घंटा होईपर्यंत कुणी कुणाचं ऐकत नाही.